आठवडा गुंडाळणारा शब्द

मित्रांनो, मी एक जुना शॉर्टकट आहे. शेतातून जाणारी पायवाट नव्हे. मी संगणकात राहतो, आणि माझे नाव टाइप केले की एका फटक्यात दहा कामे उरकून देतो. माझे नाव 'गुंडाळ'. मला रंग नाही, वजन नाही, राहायला जेमतेम दोन-चार ओळींची जागा पुरते. तरी बोईसरच्या एका लहानशा कचेरीत मी बरीच वर्षे राबलो आहे, आणि एकदा माझ्यावरून एका मुलीची नोकरी पणाला लागली होती. ती हकीकत मीच सांगतो. बाकीचे सगळे कामात आहेत, आणि मला गुरुवारखेरीज फारसे कोणी हाक मारत नाही.

आमची कचेरी बोईसरहून तारापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका हार्डवेअरच्या दुकानाच्या माडीवर आहे. इथे कारखान्यांच्या बससाठी एक ॲप बनते. औद्योगिक वसाहतीतल्या कामगारांना गावोगावच्या थांब्यांवरून घेऊन येणारी बस आत्ता कुठे आहे, तिला किती उशीर होईल, हे ते ॲप सांगते. असे ॲप एका दमात लिहून होत नाही. थोडे लिहायचे, चालते का पाहायचे, आणि चालले की तिथवरचे काम नोंदवून ठेवायचे. या नोंदीला कमिट म्हणतात. त्यात काय बदलले ते असते, एक छोटासा निरोप असतो आणि ज्याने काम केले त्याचे नाव असते. पुढे काही बिघडले तर मागच्या कमिटपर्यंत परत जाता येते, म्हणून सगळे प्रोग्रामर नेमाने कमिट करतात.

नेमाने करतात म्हणजे नीट करतात असे नाही. मी आजवर वाचलेले निरोप तुम्हाला सांगितले तर हसाल. 'बटण बसवले.' 'बटण पुन्हा बसवले.' 'आता तरी चाल बाबा.' आठवडाभराच्या अशा नोंदी एकाखाली एक पाहिल्या की नेमके काम काय झाले ते कोणालाच कळत नाही. म्हणून अलीकडच्या नोंदी मागाहून नीट लिहून काढायची रीत आहे. ती रीत मात्र मोठी किचकट. लांबलचक आज्ञा लक्षात ठेवायच्या, नोंदी मोजायच्या, एक अक्षर चुकले की पुन्हा पहिल्यापासून. कंटाळून माणसे ते करतच नाहीत. तिथेच माझा जन्म झाला.

मला घडवले दीपिकाने. ती घिवलीची, मासेमारी करणाऱ्या घरातली. लहानपणापासून जाळी सांधताना पाहिलेली असल्यामुळे असेल, पण गाठ कुठे मारावी आणि कुठे मारू नये याविषयी तिची मते पक्की आहेत. तिने आम्हा तिघा भावंडांना एकाच दुपारी बनवले. थोरला 'सुधर'. शेवटच्या नोंदीत काही राहिले असेल तर हा ते गुपचूप आत सरकवून देतो. मधला 'माघार'. हा शेवटची नोंद सोडवतो, पण केलेले काम तसेच ठेवतो. आणि धाकटा मी. मागच्या कितीतरी नोंदी एकत्र करून मी त्यांची एक स्वच्छ नोंद बनवतो. भावांचे काम हलके आहे. खरा भार मी उचलतो, हे मी त्यांच्या तोंडावरही सांगतो.

माझे नाव ठरवताना ललितशी तिचा वाद झाला होता. ललित तिचा सहकारी, चिंचणीचा, फळझाडांची वाडी असलेल्या घरातला. कामाला चोख, पण टाइप करायचा त्याला भारी कंटाळा.

"एक अक्षर पुरे की," तो म्हणाला. "नुसता ग दाबला की काम झालं पाहिजे."

"आणि चुकून दाबला गेला मग?" दीपिका म्हणाली. "जुन्या नोंदी मोडणाऱ्या आज्ञेचं नाव जरा लांब असू दे. तेवढं लिहिताना तरी माणूस विचार करेल."

"तू लिहिशील, मी विचार करीन," ललित म्हणाला, आणि दोघे हसले. शेवटी माझे नाव पूर्ण राहिले. दीपिकाचा हा विचार मला तेव्हाही पटला होता. सोय करून देणाऱ्याने माणसाचा हात किती सुटा सोडायचा हे आधी ठरवायला हवे. पुढे ललितने मात्र तिच्याकडून आणखी एक सोय करून घेतली. गुंडाळताना किती नोंदी घ्यायच्या हा आकडा द्यावा लागे, तो मोजत बसणे त्याच्या जिवावर येई. मग दीपिकाने मला नवी खुबी शिकवली. 'गुंडाळ आठवडा' असे लिहिले की मी मागच्या शनिवारपासूनच्या सगळ्या नोंदी घ्यायच्या, त्यांची एक करायची आणि लगेच सर्वांच्या सामाईक साठ्यात पाठवूनही द्यायची. दोन शब्दांत आठवडा नीटनेटका. हे काम मी इतके झटपट करत असे की ललित एंटर दाबून पाठीला बॅग अडकवी, तोवर माझे झालेले असे.

याचे कारण शुक्रवार. आमच्याकडे कारखान्यांची आठवड्याची सुट्टी शुक्रवारी असते. वीजही त्याच दिवशी दुरुस्तीसाठी बंद ठेवतात. त्यामुळे कचेरीत गुरुवारची पद्धत पडून गेली होती. संध्याकाळी निघताना ज्या-त्या भागावरच्या शेवटच्या माणसाने त्या भागाचा आठवडा गुंडाळून साठ्यात पाठवायचा, आणि सगळ्यांत शेवटी निघेल त्याने पंखे बंद करून कुलूप लावायचे. शनिवारी सकाळी कचेरीचे मालक नरहरी सर एका सुबक नोंदीत आठवड्याचे काम वाचत. सर पूर्वी कारखान्यात इंजिनिअर होते. त्यांना पसारा खपत नाही. माझे पहिले कौतुक त्यांनीच केले. "हे बेस झालं," ते दीपिकाला म्हणाले होते. ते कौतुक मी आजही विसरलो नाही.

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण सगळे घोडे पुढे इथेच अडले. मी नोंदी एकत्र करतो म्हणजे काय करतो? जुन्या नोंदी बाजूला सारतो, काम जसेच्या तसे ठेवतो आणि त्यावर एक नवी नोंद करतो. नव्या नोंदीवर नाव कोणाचे? ज्याच्या संगणकावर मला हाक मारली त्याचे. हे मला कोणी वेगळे सांगितले नव्हते, आणि नको म्हणूनही सांगितले नव्हते. तेव्हा दीपिका आणि ललित आपापल्या वेगळ्या भागांवर काम करत, आणि दोघे आपापलेच गुंडाळत. त्यामुळे कोणाला काही खटकले नाही. मीही मजेत होतो.

मग पावसाळ्यात कमळी आली. ती मनोरच्या पुढच्या डोंगरातल्या एका पाड्यावरची. पालघरला शिकून तिने पदविका घेतली होती. सरांनी तिला दिवाळीपर्यंत परीक्षेवर घेतले, काम पाहून मग कायम करायचे असे ठरले. ललितच्याच भागावर तिला बसवले, त्यामुळे दोघांच्या नोंदी एकाच माळेत येऊ लागल्या. तिचे काम मी पाहिले आहे. बारीक बारीक नोंदी करायची तिची सवय, आणि निरोप साधे, सरळ. 'बस वळण घेऊन आली तर थांबा चुकतो, तो सुधारला.' आता तरी चाल बाबा, असले काही नाही. बसला उशीर होणार असेल तर थांब्यावर ताटकळणाऱ्यांना आधीच निरोप जावा, हा ॲपमधला मोठा भाग तिने एकटीने लिहिला.

फक्त तिला लवकर निघावे लागे. मनोरकडे जाणारी शेवटची बस चुकली तर पुढे पाड्यापर्यंत जायला काही मिळत नाही. त्यामुळे कमळी सगळ्यांच्या आधी उठे. दीपिका गुरुवारी पालघरला बसच्या ठेकेदाराकडे गेलेली असे. उरे ललित. त्याचे घर जवळ, मोटारसायकल खाली उभी. तो निवांत चहा पिई, पद्धतीप्रमाणे 'गुंडाळ आठवडा' लिही, आणि मी दोघांचे काम एकत्र करून त्यावर ललितचे नाव घाली. दर गुरुवारी हेच. शनिवारी कमळी नव्याने काम उतरवून घेई आणि पुढे लिहू लागे.

कमळीच्या या नोकरीवर एक घर थांबले होते. तिचे वडील बुधा डोंगरउतारावर भात आणि नाचणी करतात. पाऊस संपला की शेतात काम उरत नाही, म्हणून दिवाळीनंतर सगळे घर वीटभट्टीवर जाते ते पावसाच्या तोंडाशी परतते. कमळीच्या धाकट्या बहिणीचे, सुलूचे, शाळेचे वर्ष दरवेळी तसेच तुटते. यंदा मात्र कमळी कायम झाली तर भट्टीवर जायचे नाही, सुलूने पूर्ण वर्ष शाळेत काढायचे, असे बुधाने ठरवले होते. जेवणाच्या सुट्टीत कमळी फोनवर बहिणीशी याच गोष्टी बोले. दप्तर नवे घ्यायचे की जुनेच शिवून चालेल, यावर दोघींची रोज भांडणे होत.

दिवाळी तोंडावर आली. एका बुधवारी दुपारी कमळी डबा धुवायला आणि बहिणीशी फोनवर बोलायला खाली गेली असताना सरांनी दीपिका आणि ललितला आपल्या संगणकाजवळ बोलावले. पडद्यावर नावे होती आणि प्रत्येक नावापुढे कामाची पट्टी. ललितच्या नावापुढे भलीमोठी. कमळीच्या नावापुढे काडीएवढी, ती चालू आठवड्याची.

"पोरगी गुणी आहे," सर म्हणाले, "पण काम दिसत नाही. ललितने एकट्याने डोंगर उपसला. शनिवारी तिला कायम करत नाही म्हणून सांगून टाकू. आणि ललित, दिवाळीनंतर हा सगळा विभाग तू सांभाळ."

"सर, उशिराचा निरोप जातो तो भाग कमळीनेच केलाय," दीपिका म्हणाली.

"इथे ललितचं नाव आहे. माणसं काय काय सांगतात, मी कमिट बघतो."

ललित नुसता पडद्याकडे पाहत उभा राहिला. मला त्याचा तेव्हा राग आला, हे मी लपवत नाही.

दीपिका तडक आपल्या जागी आली आणि तिने मला उघडले. स्वतःच लिहिलेल्या त्या ओळी ती पुन्हा पुन्हा वाचत राहिली. मग तिने जुन्या नोंदींचा शोध घेतला. मी बाजूला सारलेल्या नोंदी लगेच नाहीशा होत नाहीत. संगणक त्या महिनाभर अडगळीत ठेवतो आणि मग झाडून टाकतो. तिला शेवटच्या काही आठवड्यांच्या थोड्या नोंदी मिळाल्या, पावसाळ्यातल्या सगळ्या गेल्या होत्या. ती ते घेऊन सरांकडे गेली.

"हे किरकोळ आहे, दीपिका," सर म्हणाले. ते चिडले नव्हते, पण निर्णय त्यांनी घेऊन टाकला होता. "एवढ्यावर मी कोणाला कायम करत नाही. बाकीचं काम तिचं होतं हे कशावरून?"

याचे उत्तर संगणकाकडे नव्हते. माझ्याकडेही नव्हते. मी गुंडाळतो, आत कोणाचे काय होते ते कुठे लिहून ठेवत नाही. हे छातीठोकपणे सांगू शकणारा माणूस त्या खोलीत एकच होता, आणि तो आपल्या खुर्चीत मान खाली घालून बसला होता. कमळी जिना चढून वर आली. सगळ्यांचे चेहरे पाहून तिने डबा हळूच पिशवीत ठेवला.

"सर," ललित उठून म्हणाला. "गुरुवारी मी फक्त दोन शब्द लिहितो. त्या पट्टीतलं निम्म्याहून जास्त काम तिचं आहे. उशिराच्या निरोपाचा भाग तर सगळाच. मी त्याला हातसुद्धा लावलेला नाय."

सरांनी चष्मा काढला. "मागच्या महिन्यात मी सगळ्यांसमोर तुझी पाठ थोपटली. तेव्हा माहीत होतं?"

"आधी लक्षात आलं नव्हतं. तुम्ही ज्या भागाचं नाव घेतलंत त्यावरून तेव्हाच कळलं. मी गप्प बसलो. बरं वाटलं होतं ऐकून. विभाग मला देऊ नका सर. पण तिला काढू नका."

कमळीला हे सगळे आत्ता कळत होते. तिचा चेहरा उतरला. आपण जाणार होतो हे तिला कोणी सांगितलेच नव्हते.

"कमळी, शनिवारी तुला दिसत नव्हतं का, तुझं नाव गेलेलं?" सरांनी विचारले. "बोलली का नाहीस?"

"दिसत होता सर," कमळी म्हणाली. "पण मला वाटला हितं अशीच पद्धत हाय. भट्टीवर आमी सगळीच विटा पाडायचो. आई, बाबा, मी, सुलू. मोजणीला नाव एकट्या बाबाचा. आईचा नाव कदी कोणी लिवला नाय. म्हून मी समजले, हितं पण एकाच्या नावावर मोजतात."

दीपिकाने डोळे पुसले. खाली दुकानात कोणीतरी लोखंडी पाइप कापत होते, तो आवाज बराच वेळ येत राहिला.

"हे भट्टीवरचं इथे चालणार नाही," सर शेवटी म्हणाले. "आणि मी नुसता पट्ट्या बघत बसलो, तेही बरोबर नाही. दिवाळी करून ये. तू कायम आहेस."

कमळीने मान हलवली. मग ती म्हणाली, "एक सांगू सर? गुरुवारचा तेवढा दुपारी करू या. जेवणाच्या आधी. तवा मी असते."

त्याच दुपारी दीपिकाने मला टेबलावर घेतले, म्हणजे पडद्यावर. ती आणि कमळी शेजारी बसल्या. मी पहिल्यासारखा सुसाट उरलो नाही. आता मी गुंडाळण्याआधी थांबतो आणि आत कोणाकोणाचे काम आहे ती नावे वाचून दाखवतो. होकार मिळाला तरच गुंडाळतो, आणि नव्या नोंदीवर सगळ्यांची नावे घालतो. साठ्यात पाठवायचे कामही माझ्याकडून काढून घेतले, त्यासाठी वेगळी आज्ञा द्यावी लागते. सुरुवातीला मला हे अजिबात आवडले नाही. दहा कामे उरकणाऱ्याला मध्येच उभे राहून प्रश्न विचारायला लावणे म्हणजे काय? ललितही कुरकुरला, पण जरा हळू आवाजात. कमळीने मात्र विचारले, "ताई, आणि कोणी मध्येच नको म्हटला तर?" दीपिकाने तेही लिहिले. कोणी नको म्हटले तर मी काहीच मोडत नाही, सगळे होते तसे ठेवतो.

दिवाळी झाली. पाड्यावरच्या बऱ्याच घरांना कुलपे लागली, बुधाचे घर उघडे राहिले. सुलूला नवे दप्तर मिळाले की जुनेच शिवले ते मला कळले नाही. त्या दिवसांत जेवणाच्या सुट्टीत कमळी फोनवर बहिणीकडून पाढे म्हणून घेत असे, एवढे मी ऐकले आहे.

सुट्टीनंतरच्या पहिल्या गुरुवारी, सगळे डबे सोडायच्या बेतात असताना, मला हाक आली. ती ललितची नव्हती. कमळीने सावकाश, एकेक अक्षर पाहत माझे नाव लिहिले. मी थांबलो आणि शिकवल्याप्रमाणे विचारले, की या आठवड्यात कमळी आणि ललित या दोघांचे काम आहे, दोन्ही नावे ठेवून गुंडाळू का? तिने लगेच एंटर दाबले नाही. खुर्ची मागे वळवली.

"ललितदादा, तुमचा नाव हाय यात. गुंडाळू ना?"

"अगं, विचारतेस काय? दाब की," ललित म्हणाला. त्याने डबा सोडून चपातीचा तुकडा हातात घेतलाही होता.

"तुमी हितं हायत, म्हून विचारते," कमळी म्हणाली. तिने एंटर दाबले आणि डबा उघडला.

मित्रांनो, माझ्यासारखी एखादी सोय तुमच्याही हाताशी असेल, तर खुशाल वापरा. मी त्यासाठीच बनलो आहे, आणि पडून राहायला मला आवडत नाही. फक्त एंटर दाबण्याआधी मान वर करून खोलीत कोण नाही ते बघा. बस पकडायला गेलेल्या माणसाचे कामही त्यात असते.